मधे वाजवणारे, भोवती ऐकणारे



गावात गोंधळ असला, भारुड असलं, नाहीतर शाळेच्या पटांगणात लेझीम चाललेली असली, की बघायला आलेली माणसं कशी उभी राहतात ते जरा डोळ्यांपुढे आणा. गोल करतात. कुणी सांगत नाही, कुणी फक्की मारून आखून देत नाही, तरी रिंगण आपोआप होतं. मधे वाजवणारे, भोवती ऐकणारे. आणि तिथेच सिमेंटचं सभागृह बांधलं की काय होतं? एका टोकाला उंच स्टेज, समोर सोफे, सोफ्यांमागे खुर्च्या, खुर्च्यांमागे सतरंजी, आणि सतरंजीच्याही मागे, दारापाशी, चपलांजवळ आपण. लेकरू रडलं तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून.

हान्स शारून नावाचे एक जर्मन वास्तुरचनाकार होते. त्यांना नेमका हाच प्रश्न पडला होता. कुठेही गाणं-वाजवणं सुरू झालं की माणसं गोल जमतात, मग सभागृहातच ती रांगेने का बसवायची? या प्रश्नाचं उत्तर म्हणून त्यांनी बर्लिन शहरात एक सभागृह बांधलं. त्याचं नाव फिलहार्मोनी. ते १५ ऑक्टोबर १९६३ रोजी उघडलं. आज मी त्याच्याबद्दल सांगणार आहे, कारण तिथे बसून मी ऐकून आले आहे.

मी तिथे कशी पोचले? आपल्यातल्या बऱ्याच जणी आता जातात तशीच, लेकीच्या बाळंतपणाला. जेमतेम तीन महिने राहिले, व्हिसा तेवढाच मिळतो. डिंकाचे लाडू, ओवा, बाळंतशेपा, बाळगुटी, सगळं बांधून नेलं होतं. शेक-शेगडी मात्र जमली नाही. घरात जरा धूर झाला की छताला लावलेली घंटा बोंबलायला लागते. महिनाभराने एक दिवस लेक म्हणाली, “आई, तू वीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतेस. इथे जगातला नावाजलेला वाद्यवृंद आहे, आणि तू रोज बाटल्या उकळत बसणार?” मी म्हटलं, “अगं, ओल्या बाळंतिणीला सोडून आजी गाण्याला गेली, हे गावात कळलं तर?” ती म्हणाली, “गावात कोण सांगणार?” आता मीच रेडिओवरून सांगते आहे, ते सोडा. जावयांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि मी निघाले. तिकिटाचे पैसे लेकीने भरले. किती, ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की स्वस्तातली जागा आहे, वाजवणाऱ्यांच्या पाठीमागची.

वाजवणाऱ्यांच्या पाठीमागे! मला वाटलं, इथेही मागेच.

बाहेरून ही इमारत मोठ्या तंबूसारखी दिसते. छप्पर मधे वर चढलेलं, कडेला उतरलेलं, भिंती सोनेरी पत्र्याच्या. बांधली तेव्हा बर्लिनकर तिला थट्टेने सर्कस म्हणायचे. त्या वेळचे वाद्यवृंदाचे प्रमुख हेर्बर्ट फॉन कारायान, म्हणून ‘कारायानची सर्कस’. आत शिरलं की पहिल्यांदा माणूस गोंधळतोच. जिने इकडून वर, तिकडून खाली, खांब तिरके, खिडक्यांना रंगीत काचा. सरळ भिंत शोधून सापडत नाही. माझ्या पुढचे टाय लावलेले दोन जर्मन आजोबासुद्धा हातात तिकीट धरून आपला दरवाजा शोधत होते. ते बघून मला धीर आला.

आणि मग मुख्य दालन. शारून यांनी त्याची कल्पना द्राक्षमळ्यासारखी केली होती. आपण निफाड-दिंडोरीच्या बायका, आपल्याला द्राक्षमळा सांगायला नको. पण आपली बाग सपाट रानात, मांडवावर. तिकडे जर्मनीत नदीकाठच्या डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बागा असतात. एका पायरीवर थोडी झाडं, मग बांध, मग दुसरी पायरी. तशाच इथे बसायच्या जागा आहेत. सुमारे २४०० खुर्च्या, पण एका पट्टीत नाहीत. त्यांचे छोटे छोटे वाफे केलेत. एक वाफा इकडे तोंड करून, दुसरा तिकडे, एक उंच, एक खाली, आणि दरीच्या तळाशी वाजवणाऱ्यांची जागा. जास्त माणसं समोरच्या बाजूला बसतात हे खरं, पण डावीउजवीकडे आणि पाठीमागेही बसतात. एवढं मोठं दालन, तरी सगळ्यात लांबची खुर्ची मंचापासून ३०-३५ मीटरवर. आपल्या मंगल कार्यालयात शेवटच्या रांगेतून नवरीचं तोंड दिसत नाही. इथे समोरच्या वाफ्यातली बाई रुमालाने चष्मा पुसते तेही दिसतं.

हे बांध नुसते शोभेचे नाहीत. आवाज सरळ कानावर येतो तसा जवळच्या भिंतीवर आपटूनही येतो. मोठ्या दालनात भिंती लांब असतात, त्यामुळे मधल्या माणसांना आवाज पातळ लागतो. इथे प्रत्येक वाफ्याला बांधाची भिंत आहे. तिच्यावरून आवाज शेजारच्या वाफ्यात पडतो, पाटाचं पाणी दारं धरून एका सरीतून दुसऱ्या सरीत सोडावं तसा. छत आतून खाली फुगलेलं आहे, त्यामुळे आवाज एका जागी गोळा न होता सगळीकडे पसरतो. ध्वनीची ही सगळी आखणी लोथार क्रेमर या शास्त्रज्ञांनी केली. वाजवणं थांबलं की आवाज सुमारे दोन सेकंद दालनात रेंगाळतो आणि मग विरतो. माइक नाही, भोंगे नाहीत. कुणाच्याही पुढे एक वायर नव्हती.

आपल्याकडे देवळापुढच्या मंडपाला वर पत्रा, खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना टाइल. सगळं धुवायला सोपं, पण आवाजाला मऊ जागा कुठेच नाही. पेटीचे सूर एकमेकांत कालवून जातात, शब्द कळत नाहीत, म्हणून आपण आवाज वाढवतो, आणि वाढवला की आणखी कमी कळतं. मागच्या भिंतीला दोन जाड सतरंज्या टांगून बघा. पैसे लागत नाहीत आणि फरक त्याच दिवशी कळतो. मायकाशिवाय ऐकण्यासाठी बांधलेलं दालन आपल्या मुंबईतही आहे. नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये टाटा थिएटर आहे, १९८० साली उघडलेलं, अमेरिकेच्या फिलिप जॉन्सन यांनी आखलेलं. त्याच संस्थेचा २००६ पासून सिंफनी वाजवणारा वाद्यवृंदही आहे. मुंबईला कुणाकडे उतरलात तर चौकशी करा.

तर, माझी पाठीमागची जागा. ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्याला यात्रेतला आठवतो, सिनेमाची गाणी म्हणणारा. हा वेगळा. सत्तर-ऐंशी माणसं काळे कपडे घालून येतात. पुढे व्हायोलिनवाले, मधे बासऱ्या आणि सनईच्या जातीची वाद्यं, मागे पितळी कर्णे, आणि अगदी शेवटी मोठे तांब्याचे ढोल. त्यांना टिंपनी म्हणतात, दिसायला आपल्या नगाऱ्याची भावंडं. तो ढोलवाला माझ्यापासून दोन हातांवर पाठ करून बसलेला. आणि सगळ्यांच्या पुढे उभा राहून हातवारे करणारा जो संचालक असतो, त्याची पाठ पाहायला लोक समोर महागाचं तिकीट काढून बसतात. माझ्याकडे त्याचं तोंड होतं! अडीच तास त्याने डोळे मोठे केले, हसला, ओठ चावले, कुणाकडे तरी ‘थांब, थांब’ असं बघितलं, ते सगळं मला दिसत होतं.

सुरुवातीला एक ओबोवाली एक सूर धरते. ओबो म्हणजे सनईसारखंच, दोन पात्यांच्या जिव्हाळीचं वाद्य. त्या सुरावर सगळे आपापली वाद्यं जुळवतात. इतकं ओळखीचं वाटलं मला ते! तबला लावताना पेटीवर काळी चार धरून बसायची सवय आहे ना.

त्या रात्री बेथोवेनची सहावी सिंफनी होती. बेथोवेन हा दोनशे वर्षांपूर्वीचा संगीतकार. ही सिंफनी त्याने १८०८ मध्ये पूर्ण केली, तेव्हा त्याचे कान अधू होत चालले होते. विषय आहे शेत-शिवार. पाच भाग आहेत. गावाकडे आल्यावर मनाला वाटणारं बरं, ओढ्याकाठ, गावकऱ्यांची मौज, वादळ, आणि वादळ सरल्यावर गुराख्याचं गाणं. दुसऱ्या भागाच्या शेवटी तीन पक्षी बोलतात. बासरीवर नाइटिंगेल, ओबोवर लावा, आणि क्लॅरिनेटवर कोकिळेच्या जातीचा कक्कू. लेकीने हे आधी सांगून ठेवलं नसतं तरी कक्कू मी ओळखला असता.

पण मी सांगणार आहे त्या ढोलवाल्याचं. पहिला भाग झाला, तो नुसता बसून. दुसरा झाला, हात मांडीवर. तिसरा निम्मा झाला, तरी त्याचं काही नाही. मला त्याची दया यायला लागली. एवढे ढोल घेऊन बोलावलं आणि वाजवायलाच नाही! मधेच तो वाकून कातड्याला कान लावायचा, बोटाने हलकं टिचकवायचा आणि परत ताठ बसायचा. आणि मग गावकऱ्यांचा नाच चाललेला असताना एकदम खालच्या व्हायोलिनांतून गुरगुर सुरू झाली. आपल्याकडे वैशाखात दुपारी चार वाजता पश्चिमेला काळं होतं आणि वारा पडतो, ते आठवा. दोन-चार टपोरे थेंब पडावेत तसे सूर. त्याने काठ्या उचलल्या. आणि फुटलं की हो! माझ्या छातीत घुमलं, खुर्ची घुमली. त्या चौथ्या भागातच त्याचं काम, चारेक मिनिटांचं. पुढे ओसरतं, लांब गडगडत जातं, आणि गुराखी गायला लागतो. ढोलवाल्याने काठ्या खाली ठेवल्या आणि शेवटपर्यंत पुन्हा उचलल्या नाहीत. मला रडू आलं होतं, कशाचं ते विचारू नका. द्राक्ष तयार असताना आलेली गारपीट बघितलेलं माणूस त्या वादळात नुसतं बसून राहू शकत नाही. शेजारच्या तरुण मुलीने न बोलता कागदी रुमाल पुढे केला.

या जागेत खोटही आहे, ती सांगते. पुढे कुणी गाणारा असला तर त्याचा आवाज समोर जातो, पाठीमागे नीट पोचत नाही. एकदा मी तसलं ऐकलं आणि निम्मं हरवलं. मोठा गायकवृंद असला तर ह्या बाकांवर तोच बसतो, मग ही तिकिटं विकतच नाहीत. आणि कर्णेवाले जोरात आले की बाकी काही ऐकू येत नाही.

आता हा वाद्यवृंद कुणाचा? बचत गटाच्या बायकांना आवडेल अशी त्याची गोष्ट आहे. १८८२ साली बर्लिनमध्ये बेंजामिन बिल्झे नावाच्या बँडमालकाकडे काम करणारे ५४ वादक त्याच्या वागणुकीला कंटाळले. एका दौऱ्याला तो त्यांना आगगाडीच्या चौथ्या वर्गातून वॉर्सापर्यंत नेणार होता. ते सगळे बाहेर पडले आणि स्वतःचा वाद्यवृंद काढला. मालक नाही, मत प्रत्येकाला. आजही नवा वादक घ्यायचा तर जुने मतदान करतात, मुख्य संचालकही तेच निवडतात. सध्या किरिल पेत्रेंको आहेत. आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांनी या वाद्यवृंदाचं संचालन कितीतरी वेळा केलं आहे.

किती चांगलं, नाही का? पण त्या मतांचं दुसरं अंगही ऐका. १८८२ पासून १९८२ पर्यंत, शंभर वर्षं, त्यांच्यात एकही बाई सभासद नव्हती. पहिली आली ती मादलेन कारुझो, स्वित्झर्लंडची व्हायोलिनवादक, १९८२ मध्ये. त्याच सुमारास कारायान यांनी साबिने मायर या तरुण क्लॅरिनेटवादक मुलीला घ्यायचं ठरवलं. वादकांनी मोठ्या बहुमताने नको म्हटलं. कारण दिलं की तिचा सूर बाकीच्यांत मिसळत नाही. त्यावरून संचालक आणि वादक यांच्यात मोठं भांडण पेटलं. १९८४ मध्ये ती स्वतःच बाजूला झाली, आणि पुढे एकटीच्या बळावर जगभर नाव काढलं. बाई आहे म्हणून नको, असं तोंडावर कुणी म्हणत नाही. सूर मिसळत नाही, म्हणतात. ग्रामपंचायतीत निवडून गेलेल्या आपल्या बायकांना हे वाक्य वेगळ्या शब्दांत ऐकून पाठ आहे. पहिल्या व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवर, म्हणजे वादकांमधल्या सगळ्यात मानाच्या जागेवर, बाई बसायला २०२३ साल उजाडलं. त्या वीनेटा सारेइका-फोल्कनर. मी गेले तेव्हा वाद्यवृंदात बायका बऱ्याच होत्या, केस पिकलेल्याही.

दाराबाहेर राहिलेल्यांची आणखी एक गोष्ट आहे. फिलहार्मोनीचं काम चालू असतानाच, ऑगस्ट १९६१ मध्ये, बर्लिनच्या मधून भिंत घातली गेली. शहराचे दोन भाग, दोन सरकारं. भिंत या जागेपासून चालत दहा मिनिटांच्या आत. पलीकडच्यांना हे सोनेरी छप्पर जवळ होतं, पण यायला बंदी. एका घरातली माणसं दोन बाजूंना अडकली होती, तिथे गाण्याची काय कथा. अशी २८ वर्षं गेली. ९ नोव्हेंबर १९८९ ला भिंत उघडली. त्यानंतर तीनच दिवसांनी, १२ नोव्हेंबरला, याच दालनात वाद्यवृंदाने पलीकडच्या लोकांसाठी फुकट कार्यक्रम केला. तिकडचं ओळखपत्र दाखवायचं आणि आत यायचं. डॅनियल बारेनबोइम संचालक होते, संगीत बेथोवेनचंच. मी विचार करत होते, त्या दिवशी आलेल्या बायांनी पहिल्यांदा काय केलं असेल? माझ्यासारख्याच जिन्यांवर चुकल्या असतील.

बसथांब्यापाशी, इमारतीला लागूनच, निळ्या काचेची लांब भिंत आहे. परतताना मी तिथे थांबले. हिटलरच्या राजवटीत याच जागी एक कचेरी होती. अपंग, मतिमंद, मनाने आजारी माणसं आणि लेकरं, कुणाला जगू द्यायचं नाही, ते तिथे कागदावर ठरायचं. १९४० आणि १९४१ या दोनच वर्षांत ७०,००० वर माणसं गॅसने मारली. त्यांचं हे स्मारक २०१४ मध्ये झालं. गाणं ऐकून आलेली माणसं त्याच्या शेजारी बसची वाट बघत उभी असतात. माझ्या चुलत जावेचा मुलगा तसा आहे, बारा वर्षांचा, टाळ वाजला की सगळं सोडून येऊन बसणारा. मला बराच वेळ तिथून हलवेना. एक बस सोडून दिली.

आता तुम्ही फोनवर विचारलेल्या गोष्टी. कपडे? मी साडी नेसले, आत गरम बंडी, वर लेकीचा कोट, पायात बूट. कोट दाराशी ठेवून घेतात, बिल्ला देतात. कुणी वळून बघितलं नाही, आणि ज्यांनी बघितलं ते साडीसाठी. टाळ्या? सिंफनीचा एक भाग संपला की वाजवायच्या नाहीत, सगळी संपल्यावर वाजवायच्या. मधल्या वेळात सगळे दाबून ठेवलेला खोकला खोकून घेतात, ते ऐकायला मजा येते. उशीर झाला तर मधे सोडत नाहीत, थांबवून ठेवतात. भाषा? बोलत कुणीच नाही, भाषा कशाला लागते? शब्द नसलेलं गाणं दोन तास कसं ऐकायचं म्हणाल, तर एक वाद्य धरायचं आणि त्याच्या मागे जायचं. मी ढोलवाला धरला होता.

आणि ज्यांना तिकीट परवडत नाही त्यांच्यासाठी तिथे आठवड्यातून एकदा दुपारी, बाहेरच्या मोठ्या ओसरीत, फुकट कार्यक्रम असतो. पाऊण तासाचा, दोन-चार वादकांचा. लोक जिन्यांवर बसतात, फरशीवर बसतात, शाळेची पोरं येतात, म्हातारी माणसं घरून डबा घेऊन येतात. निघायच्या आधीच्या आठवड्यात मी लेकीला घेऊन गेले. बाळंतपणानंतर दवाखाना सोडून ती कुठेच गेली नव्हती, चेहरा नुसता ओढलेला. बाळ गाडीत. आम्ही जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलो, मी आणलेली धपाटी काढली. जाडजूड लाकडी नळीसारखं बसून नावाचं वाद्य एकजण वाजवत होता, फार खालच्या आवाजात. बाळाने डोळे उघडले, आवाजाच्या दिशेला मान वळवली आणि तसंच बघत राहिलं. लेकीने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि दोन मिनिटांत गाढ झोपली. मी हलले नाही. कार्यक्रम संपला, लोक पांगले, तरी तिला झोपू दिलं.

येत्या आठवड्यात याच वेळी भेटू. मंडपात सतरंज्या टांगून बघितल्यात तर फोन करून सांगा. नमस्कार.